आधी बघून येतो

तलवाड्याच्या बन्सी ओव्हाळला एक खोड होती, आणि त्या खोडीपायी त्याच्या बायकोला, मालनला, गावात कायम काहीतरी ऐकून घ्यावं लागे. बन्सी हाताचा फिटर. इंजिन असो, पिठाची गिरणी असो, उघडून बसवायचा. पण कुणी नोकरीला बोलावलं की हो म्हणायचा नाही आणि नाही असंही म्हणायचा नाही. "आधी बघून येतो," एवढंच म्हणायचा. मग पायजम्याला सायकलची क्लिप लावून निघायचा आणि त्या जागी जाऊन फाटकापाशी, नाहीतर समोरच्या टपरीवर, दिवस मावळेपर्यंत बसून यायचा.

"मालने, तुझा नवरा कामाला जातो का पोरगी बघायला?" हापशावर बाया विचारायच्या.

मालनही हसायची. पण घरी आली की तिला ते हसू टोचायचं.

खोड जन्माची नव्हती. लग्न होऊन ती आली तेव्हा बन्सी एका सहकारी साखर कारखान्यात हंगामी फिटर होता. बीडला आयटीआय करून लागलेला, खाकी कपड्यातला, दिवाळीला पेढ्याचा पुडा घेऊन येणारा नवरा. गल्लीत पहिलाच असा. तीन हंगाम बरे गेले. चौथ्या हंगामात ऊस पिळणाऱ्या चरकाच्या दातेरी चाकांवरची लोखंडी जाळी तुटली. बन्सीनं फोरमनला सांगितलं, पुन्हा सांगितलं. फोरमन म्हणाला, गाळप थांबणार नाही, हंगाम संपल्यावर बघू. त्याच आठवड्यात तेल घालताना म्हाळू नावाच्या मदतनिसाचा हात आत गेला. जीव वाचला, बोटं गेली.

चौकशीत फोरमननं सांगितलं की म्हाळू डुलक्या घेत होता. पाळीतल्या बाकीच्यांना विचारलं, तर कुणी काही बघितलंच नव्हतं. बन्सी एकटा उभा राहिला आणि जाळी तुटलेली होती म्हणून सांगून मोकळा झाला. म्हाळूला जी भरपाई मिळायची ती त्यामुळं मिळाली. पण दुसऱ्या दिवसापासून बन्सीच्या शेजारी भाकर सोडायला कुणी बसेना. पुढच्या हंगामाला बोलावणंही आलं नाही.

तेव्हा मालननं फोरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. बन्सी तिला म्हणाला, "फोरमनचं सोड. बाकीच्यांचं वाईट वाटतं मला. चांगली मानसं व्हती गं. घरी लेकराबाळांत बघितलीस तर तुलाबी आवडली असती. त्या जागेनं त्यांला तसं केलं. उद्या मीबी तसाच झालो असतो."

तेव्हापासून तो जागा बघायला लागला.

मालनला हे कळत नव्हतं असं नाही. उलट तिला त्याचं कौतुकच होतं. लग्नाआधी तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं, पोरगा साधा आहे, वाकड्यात शिरत नाही. ते खरंच निघालं. पण कौतुकाला पाऊसपाणी बरं लागतं. शहाऐंशी साली लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले. विहिरीत पाणी नाही म्हणून इंजिनं बंद, इंजिनं बंद म्हणून बन्सीचा पान्हा बंद. पिठाच्या गिरणीवर सुद्धा दळण कमी झालं. मालन रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागली. बन्सीही जायचा, पण फिटरचे हात घेऊन खडी फोडणारा नवरा तिला बघवत नसे. सासू बायडाबाई दोन्ही नातींना घेऊन टँकरच्या रांगेत घागरी लावून बसायची.

अशा दिवसांत सुंदररावांचा निरोप आला. सुंदरराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी, पुढारी. बन्सीनं कधीकाळी त्यांची मोटर भर पाणीपाळीत चालू करून दिली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. बीडच्या रस्त्यावर नवी सहकारी सूतगिरणी निघाली होती आणि तिथं त्यांचा शब्द चालत होता. फिटर पाहिजे, कायम नोकरी, राहायला खोली.

बायडाबाईनं बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. मालननं खाकी शर्टाला इस्त्री करून आणली. बन्सी म्हणाला, "आधी बघून येतो."

"बघा," मालन म्हणाली, "पन व्हय म्हनून या."

संध्याकाळी तो आला, सायकल भिंतीला लावली, पाय धुवायला पाणी मागितलं नाही कारण ते नव्हतंच, आणि ओट्यावर बसून राहिला. मालनला चेहऱ्यावरूनच कळलं.

"काय झालं?"

"चकचकीत हाय लई. दारात फुलझाडं लावल्यात, त्यांला पानी चालू हाय. साहेबानं खुर्ची दिली, चहा दिला. 'अहो ओव्हाळ' म्हनला."

"मंग?"

"एका मशीनचा पट्टा तुटला माझ्यासमोर. आवाज बंद झाला की नजर कुठं जाती? मशीनकडं. तिथं समद्यांची मान वर, साहेबाच्या काचेच्या खोलीकडं. पट्ट्याकडं बघंना कुनी. सुपरवायझर पळत आला आन पहिला शब्द काय बोलला? 'कुणी केलं?' लगेच तिघांनी एकाकडं बोट दाखवलं. मी तिथल्या फिटरला नुसतं इचारलं, पट्टा जुना झालता का? तर त्यानं बोलायच्या आधी सुपरवायझरकडं बघितलं."

मालन ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोक्यात खडीचा दिवस, हातावरचे फोड, टँकरची रांग असं सगळं एकदम चढलं.

"पोरी रांगेत बसायल्यात पान्याला," ती म्हणाली, "आन तुमी लोक कुनाकडं बघत्यात ते बघत बसलाव? न्हाई म्हनून आलाव का?"

"उद्या सांगतो म्हनलो."

"उद्या व्हय म्हना."

दुसऱ्या दिवशी तो सुंदररावांकडं गेला आणि जमणार नाही म्हणून सांगून आला. सुंदरराव चांगले माणूस. ते रागावले नाहीत, नुसते चकित झाले. दुष्काळात कायम नोकरीला नाही म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. रागावली ती मालन. तिनं अबोला धरला. भाकर वाढायची, पण ताट सरकवताना तोंड दुसरीकडं. बायडाबाई मधे पडली, तर तिलाही म्हणाली, "आत्या, तुमच्या लेकाला राजवाड्यात नोकरी बघा."

खडी फोडताना मात्र तिला एक गोष्ट सारखी आठवत राही. म्हाळू बरा झाल्यावर एकदा घरी आला होता. त्यानं उरलेल्या बोटांनी कपबशी धरली होती आणि बन्सीशी हंगामाच्या, उसाच्या, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या होत्या. जाताना दारात थांबून मालनला म्हणाला होता, "वैनी, मानूस जपा." तेव्हा तिला वाटलं होतं, बन्सीच्या तब्येतीबद्दल बोलतोय.

अबोला मोडला तो तिच्या भावामुळं. शहादेव आष्टीला दुधाचा टेम्पो चालवायचा. तिथल्या सहकारी दूध केंद्रात, गावोगावचं दूध गोळा करून थंड करतात तिथं, जुना फिटर निघून गेला होता. शहादेव स्वतः सांगायला आला. "दाजी, पगार सूतगिरणीएवढा न्हाई. पन मानसं बरी हायत."

बन्सी तोंड उघडायच्या आत मालन म्हणाली, "आधी बघून येतो. म्हाईत हाय. या वक्ताला मीबी येते."

"तू कावून?"

"तुमी मशीनी बघा. मी मानसं बघते."

खरं तर तिनं मनात ठरवलं होतं की काहीही असो, हो म्हणायला लावायचं आणि मगच परतायचं.

पोरींना बायडाबाईकडं ठेवून दोघं भल्या पहाटे निघाली. बीडला गाडी बदलून आष्टीच्या एसटीत बसली. खिडकीतून दिसणारी रानं तलवाड्यासारखीच भुंडी. रस्त्याच्या कडेनं बैलगाड्यांची रांग चालली होती, ऊसतोडीला, कोयत्यावर निघालेल्यांची. संसार गाडीवर, कोंबड्या गाडीखाली टांगलेल्या. मालननं बन्सीकडं बघितलं. तोही तेच बघत होता.

दूध केंद्र म्हणजे पत्र्याचं मोठं शेड, मागं कॉम्प्रेसरची खोली, बाजूला गुरांचा हौद. फाटकातूनच आरडाओरडा ऐकू येत होता. बनियनवरचा एक दांडगा माणूस कॅनच्या ढिगाऱ्यात उभा राहून कुणाला तरी शिव्या घालत होता आणि ज्याला घालत होता तो माणूस आतून तितक्याच जोरात उत्तर देत होता.

"हा मॅनेजर," शहादेव म्हणाला. "बद्रीनाथराव. आन आत वरडायलाय तो राधाकिशन, मशीन चालवतो."

बन्सीचा चेहरा पडलेला मालननं बघितला. शिव्या त्याला सोसत नसत. आयटीआयमध्ये एका मास्तरानं त्याला जातीवरून शिवी दिली होती. तेव्हापासून कुठलीही शिवी कानावर आली की तो आत आत जायचा.

तो शहादेवबरोबर मशीनकडं गेला. मालन कॅन धुण्याच्या जागेकडं वळली. तिथं एक म्हातारी वाफाळलेल्या पाण्यात हात घालून कॅन घासत होती. दगडाबाई तिचं नाव. तिनं मालनला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कुनाची गं तू?"

हा प्रश्न मालनला माहीत होता, आणि त्यानंतर काय होतं तेही माहीत होतं. तिनं पदर नीट केला आणि सरळ सांगितलं, "ओव्हाळाची. जयभीमवाले हाव आमी. तलवाड्याचे."

"आगं ते न्हाई इचारलं," म्हातारी म्हणाली. "शहादेवसंगं आलीस म्हनून. त्याची बहीन का मेहुनी?"

"बहीन."

"मंग दिसतीसच तशी. नाक तेच." दगडाबाईनं ओले हात लुगड्याला पुसले, माठातून तांब्या भरला, आधी स्वतः दोन घोट घेतले, मग तोच तांब्या मालनपुढं केला. "पी. कोमट हाय, पन हाय."

मालन प्यायली. इतकं साधं झालं ते, की मनातल्या मनात ओठावर आणून ठेवलेली सगळी उत्तरं वाया गेली. मग ती म्हातारीशेजारी उकिडवी बसली आणि कॅन घासायला लागली, नुसतं बसवेना म्हणून. घासता घासता दगडाबाईनं तिला सगळ्या केंद्राची कुंडली सांगितली. बद्रीनाथ तोंडाचा घाण, पण माझ्या सुनेचं बाळंतपण होतं तेव्हा मला घरी बसवून स्वतः कॅन घासत होता. राधाकिशन मनाचा हळवा, त्याला कुणाचंही जनावर उपाशी बघवत नाही. हिशेबाला बसतो तो सोवळ्याचा, त्याच्या नादी लागू नको.

"हिथं कुनी कुनाला घाबरतं का?" मालननं विचारलं. विचारल्यावर तिलाच नवल वाटलं, प्रश्न बन्सीचा होता.

"घाबरायचं कुनाला?" दगडाबाई म्हणाली. "बद्र्याला? मी त्याला नागडा बघितलाय."

इतक्यात बन्सी आला. "चल."

"कुठं?"

"घरी. शिवीबिगर वाक्य न्हाई हिथं. सूतगिरणीत निदान 'अहो' तरी म्हनत व्हते."

मालन उठली नाही. "मला पसंत हाय जागा."

"तू काय बघितलंस? कॅन?"

दोघांची अशी ओढाताण चालू असताना मागच्या खोलीतली घरघर एकाएकी थांबली. सवयीचा आवाज बंद झाला की कान दुखतात, तसं झालं. सकाळचं सगळं दूध टाकीत होतं आणि वर ऊन आग ओकत होतं. बन्सी फाटकाकडं वळला होता, तो तिथंच थबकला. मालननं उठून त्याचा हात धरला.

दोघंही बघत राहिली. शेडमधला एकूण एक माणूस मशीनच्या खोलीकडं धावला. कुणी ऑफिसकडं बघितलं नाही, कुणी कुणाकडं बोट केलं नाही. आणि कुणी काही विचारायच्या आतच राधाकिशन दारात येऊन ओरडला, "माझ्यामुळं झालं! टाकीतलं पानी म्या हौदात सोडलं, गुरांला!"

दूध थंड करणाऱ्या मशीनचे पाइप निववायला वरच्या टाकीतून सतत पाणी सोडावं लागतं. दूध घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची गुरं हौदापाशी जीभ काढून उभी होती, ते याला बघवलं नव्हतं. पाण्याची टाकी रिकामी झाली, पाइप तापले, मशीन बसलं.

बद्रीनाथ म्हणाला, "तुला नंतर बघतो बे. आधी पानी आन."

पुढच्याच क्षणी माणसांची रांग लागली. शेजारच्या बोअरवरून कॅन भरायचे, हातोहात पुढं द्यायचे, टाकीत ओतायचे. मालननं पदर खोचला आणि रांगेत घुसली. तिच्या एका बाजूला दूध घालायला आलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला दगडाबाई. कॅन जड होता, खांदे खडी फोडून आधीच भरलेले, पण तिला कसलं तरी हसू येत होतं. वर बघितलं तर खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून बन्सी टाकीच्या शिडीवर चढलेला. खालून राधाकिशन कॅन देत होता, हा ओतत होता, आणि दोघं एकमेकांना काहीतरी सांगत होते. पाइप निवले. मशीन दोनदा खोकलं आणि चालू झालं. दूध वाचलं.

मग बद्रीनाथनं शब्द पाळला. राधाकिशनला त्यानं सगळ्यांसमोर असं भादरलं की हौदावरची म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली. राधाकिशन मान खाली घालून ऐकत होता. दम लागल्यावर बद्रीनाथ थांबला, घाम पुसला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आता सांगा, गुरांला पानी कसं द्यायचं? ती बी आपलीच हायत."

यावर पाच जण एकदम बोलायला लागले. पाइपांवरून खाली पडणारं पाणी वाया जातं ते धरायचं, असं राधाकिशन म्हणाला. त्याला नाली कुठून काढायची ते दगडाबाईनं सांगितलं, कारण रोज तिचेच पाय त्या चिखलात असायचे. बन्सी म्हणाला, पाइप मी जोडून देतो.

म्हणाला आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"तुमी आमाला बघायला आलतात म्हने," बद्रीनाथ म्हणाला. "शहादेव म्हनला. मंग, पसंत पडलो का?"

"पसंत हाय," मालन म्हणाली.

सगळे हसले. बन्सी हसला नाही. त्यानं शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली. "एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला शिवी चालत न्हाई. मला दिलेली न्हाई, आन माझ्यासमोर दुसऱ्याला दिलेलीबी न्हाई. काम चुकलं तर सांगा, समद्यांसमोर सांगा. पन शिवी न्हाई."

गेली ही पण नोकरी, मालनला वाटलं. बद्रीनाथ डोकं खाजवत उभा राहिला. त्याला राग आला नव्हता. जन्मभराची सवय कुठं ठेवायची याचा तो खरोखर विचार करत होता.

"आन जीभ घसरली तर?"

"तर मी पान्हा खाली ठेवीन. तुमी बाहेर जाऊन, काय बोलायचं ते बोलून आला की उचलीन."

"बघा बुवा," बद्रीनाथ म्हणाला. "जमतंय का बघतो."

परतीच्या एसटीत मालन म्हणाली, "तुमी शिव्या ऐकल्या आन मी तांब्या बघितला." आणि तांब्याची गोष्ट सांगितली. बन्सीनं ती नीट ऐकून घेतली, पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाला, "मी एकटा आलो असतो तर फाटकातूनच वापस गेलो असतो." एवढं कबूल करून तो तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला. मालन बीड येईपर्यंत हलली नाही.

बन्सी आष्टीला लागला तो निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. सगळं गोडच झालं असं नाही. हिशेबाला बसणाऱ्यानं त्याच्या हातचा चहा शेवटपर्यंत घेतला नाही. सुरुवातीला मालनला ते फार लागायचं. बन्सी म्हणायचा, "एक जन हाय. आन समद्यांला म्हाईत हाय की त्याचं चुकतंय. तेवढं बास हाय." बद्रीनाथची जीभ पहिल्या महिन्यात रोज घसरली. पान्हा खाली ठेवला की तो पाय आपटत हौदापर्यंत जायचा, म्हशींना शिव्या द्यायचा आणि परत यायचा. पुढं पुढं त्याचं जाणं कमी झालं. म्हशी सुखी झाल्या असं दगडाबाई म्हणायची.

मालनलाही तिथंच काम मिळालं. दगडाबाईचे गुडघे गेले तेव्हा कॅन धुवायला तिलाच बोलावलं. शेडच्या मागं दोन पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, पोरी आष्टीच्या शाळेत जायला लागल्या. मोठी पुढं नर्स झाली, धाकटी मास्तरीण.

राहता राहिली बायडाबाई. मी तलवाडा सोडून मरायलासुद्धा यायची नाही, म्हणायची. एका वर्षी जयंतीला नातींना नवे कपडे घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली. तेव्हा काम सुटलं तरी दगडाबाई सवयीनं रोज शेडमध्ये येऊन बसायची. पहिल्याच सकाळी दोघींचं मिश्री कुठली चांगली यावरून भांडण झालं. दुसऱ्या दिवशी बायडाबाई आपली डबी घेऊन भांडण पुरं करायला गेली. चार दिवसांचे आठ झाले. मग एक दिवस बन्सी तलवाड्याला जाऊन आईची गोधडी आणि पेटी घेऊन आला. त्यानं तिला विचारलं नाही आणि तिनंही कशाला आणली म्हणून विचारलं नाही. पेटी कोपऱ्यात लावून घेतली आणि डबी शोधत शेडकडं निघून गेली.